छापण्यास हरकत नाही

रोज सकाळी वर्तमानपत्र पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत शब्दन् शब्द वाचायचं, आणि तरीही जगात काय चाललं आहे याचा स्वतःला पत्ता लागू द्यायचा नाही, ही सिद्धी या भूतलावर एकाच माणसाला प्राप्त झाली आहे. तो माणूस म्हणजे आमच्या हिचे मामा. मुक्काम नारायण पेठ, दुसरा मजला.

मामांनी उमेदीची सगळी वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून घालवली. बातमी छापायला जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. ते चालायचं जोडीनं. खडकीहून लोकलनं येणारे त्यांचे जोडीदार सोनावणे मूळ कागद मोठ्यानं वाचत, आणि मामा छापील मजकुरावर लाल पेन रोखून बसत. सोनावणे विरामचिन्हांसकट वाचायचे. ‘मंत्री म्हणाले स्वल्पविराम, अवतरण सुरू, पाऊस पडेल, अवतरण बंद, पूर्णविराम.’ ही सवय हाडीमाशी इतकी खिळली होती की सोनावण्यांचा घरी फोन आला, तरी ते म्हणत, “वहिनी स्वल्पविराम, हे आहेत का प्रश्नचिन्ह.” आणि आमच्या मामी तितक्याच शांतपणे सांगत, “आहेत पूर्णविराम.” सगळं पान तपासून झालं की मामा खाली लिहीत, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि सही ठोकत. ही सही झाली की संपादकांचीसुद्धा त्या पानाला हात लावायची छाती नव्हती.

मामांचा एक सिद्धान्त होता. “अर्थाच्या मागे लागलात की चूक निसटते, जावईबापू. वाचणारा डोळा वेगळा आणि तपासणारा वेगळा.” मामांचा वाचणारा डोळा कायमचा रजेवर होता. गुरुवारी पेठांमध्ये पाणी येणार नाही, ही बातमी त्यांनी बुधवारी स्वतः तपासली, निर्दोष केली आणि गुरुवारी सकाळी अंगाला साबण लावून कोरड्या नळाकडे बघत उभे राहिले. मामींनी बाहेरून विचारलं, “अहो, काल तुमच्या पेपरात आलं होतं ना?” आतून उत्तर आलं, “असेल. शुद्ध होतं.”

आमच्या लग्नाची पत्रिकाही अर्थातच मामांनी तपासली. चार वेळा. अशी देखणी, बिनचूक पत्रिका पुण्यात क्वचितच छापली गेली असेल. फक्त छापखान्यानं त्यात आधीच्या गिऱ्हाइकाच्या मंगल कार्यालयाचा पत्ता तसाच ठेवला होता. माझ्याकडची अर्धी मंडळी कोणा अनोळखी जोडप्यावर अक्षता टाकून, जिलेबीवर ताव मारून, मुलगी फोटोपेक्षा उजळ आहे असा निर्वाळा देऊन घरी गेली. मी मामांकडे जाब मागायला गेलो. त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली, पत्ता पुन्हा तपासला आणि म्हणाले, “यात एक तरी चूक दाखवा.” मी दाखवू शकलो नाही.

पण मामांच्या कारकिर्दीचा कळस तिच्या शेवटच्या दिवसांत झाला. कार्यालयात संगणक आले. खराडीला काचेच्या इमारती उठायला लागल्या, आणि आता यंत्रच चुका शोधेल असं कोणीतरी मालकांच्या मनात भरवलं. एका दुपारी मामांच्या टेबलावर एक परिपत्रक आलं. नेमके सोनावणे त्या दिवशी मुलीच्या प्रवेशासाठी रजेवर होते. मामांनी एकट्यानंच ते तपासलं, सात चुका काढल्या, खाली लिहिलं ‘छापण्यास हरकत नाही’ आणि सही करून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते फलकावर लागलं. मुद्रितशोधन विभाग महिनाअखेर बंद करण्यात येत असून तेथील कर्मचाऱ्यांस निवृत्त करण्यात येत आहे. सोनावणे फलकापुढे उभे राहून म्हणाले, “अहो, हे तुमच्या हातून गेलं?” मामा म्हणाले, “गेलं. पण स्वच्छ गेलं.”

त्यानंतर त्या दैनिकाचं जे झालं, ते आम्ही रोज चहाबरोबर पाहत आलो आहोत. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘येथे दोन ओळींचा मथळा’ असा मथळा छापून आला. एका पुढाऱ्याच्या सत्काराच्या फोटोखाली ‘तीन दिवसांपासून बेपत्ता, दिसल्यास कळवावे’ अशी ओळ आली, आणि लोकांनी कळवलंसुद्धा. लोक हसले. मामा हसले नाहीत. ते लाल पेन घेऊन बसले. रोज सकाळी सात ते दहा छापून झालेला अख्खा अंक तपासायचा, समासात खुणा करायच्या आणि तो घडी घालून स्वतः दैनिकाच्या कार्यालयात नेऊन द्यायचा. कार्यालय खराडीला हललं, तसे मामा दोन बस बदलून खराडीला जाऊ लागले. स्वागतकक्षातल्या बाईंकडून ‘मिळाले’ असा शिक्का घ्यायचा आणि परत यायचं.

“कोण वाचतं हो तिथे?” मामी विचारायच्या.

“वाचावं असं मी कुठे म्हणतो? एकदा बोलावून फक्त म्हणावं, की बसा, हे पान बघा.”

त्यांना एवढंच हवं होतं. बारा वर्षं त्यांनी बोलावण्याची वाट पाहिली. मधल्या काळात सोनावणे गेले. त्यांच्या निधनाच्या चौकटीत दैनिकानं पाच चुका केल्या. त्या दिवशीचा अंक मामांनी खराडीला नेला नाही. तो त्यांच्या कपाटात आहे.

पुढे मामांचे गुडघे बोलू लागले. माझं ऑफिस खराडीलाच असल्यामुळे अंक पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं. एका शुक्रवारी सकाळी मी गेलो, तर मामांनी अंकाबरोबर एक लिफाफा दिला. “त्यांचं पत्र आलं होतं. अकरा चुका. परत देऊन टाका. शिक्का घ्या.”

मी आगाऊ माणूस आहे. जिन्यातच लिफाफा उघडला आणि तीन तीन पायऱ्या गाळत पुन्हा वर गेलो.

“मामा, तुम्ही हे पत्र वाचलंत?”

“अकरा चुका काढल्या, त्या काय न वाचता?”

“काय लिहिलंय त्यात?”

मामांनी चष्मा काढला, पुसला. “मायना चुकीचा आहे,” ते सावधपणे म्हणाले.

मामी स्वयंपाकघरातून आल्या, माझ्या हातातल्या कागदाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “जावईबापू, मोठ्यानं वाचा. सोनावणे भावजी वाचायचे तसं.”

मी मामांसमोरच्या खुर्चीवर बसलो आणि वाचू लागलो. “आपण रोज पाठवता ते अंक आमच्याकडे जपून ठेवले आहेत पूर्णविराम. आमच्या नव्या उपसंपादकांना ते आम्ही दाखवतो स्वल्पविराम, पण खुणा कोणालाच कळत नाहीत पूर्णविराम. आपण दर सोमवारी खराडीला येऊन त्यांना शिकवाल का प्रश्नचिन्ह. गाडी पाठवू पूर्णविराम. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे स्वल्पविराम, अन्यथा अन्य व्यक्तीचा विचार करू पूर्णविराम.”

मामा सवयीनं प्रत्येक चिन्हाला मान हलवत होते. ‘प्रश्नचिन्ह’पाशी मान हलायची थांबली.

“पुन्हा वाचा,” ते म्हणाले. “विरामचिन्हं सोडून.”

मी पुन्हा वाचलं. मामांनी चष्मा पुन्हा चढवला.

“आज वार कोणता?”

“शुक्रवार,” मामी म्हणाल्या. “जावईबापूंकडच्या पेपरवर छापलाय. तपासलात मघाशी.”

मामांनी पत्र मागून घेतलं. तळाशी त्यांच्याच अक्षरात होतं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि सही. त्यांनी लाल पेन उघडलं, ‘छापण्यास’वर एक सरळ रेघ मारली, समासात काढून टाकायची खूण केली आणि वर लिहिलं, ‘येण्यास’. दोनदा तपासलं. या वेळी, मी शपथेवर सांगतो, ओठ हलवत वाचलं.

“द्या नेऊन. शिक्का विसरू नका.”

मामी डोळे पुसायला आत गेल्या आणि सवड काढून शिराही टाकून आल्या. मी लिफाफा खिशात ठेवून चप्पल घालत होतो, तर मामा अजून त्या रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे पाहत होते.

“बरं वाचता हो,” ते म्हणाले. “पण पूर्णविरामापाशी सोनावणे जरा थांबायचे.”