साहेबांच्या पणजोबांचं लग्न

मॉर्गन साहेबांच्या पणजोबांचं लग्न मी एक वर्ष आधी लावून दिलं. तेव्हा पणजोबांना जाऊन जमाना लोटला होता, त्यांचं गाव मी नकाशातही पाहिलं नव्हतं, आणि मला कुणी आमंत्रणही दिलं नव्हतं!

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत, देरा भागात, एका इंग्रजी कंपनीत मी टायपिस्ट होतो. (इंग्रजी म्हटलेलं मॉर्गन साहेबांना खपत नसे. ते वेल्सचे. "अन्वर, आय ॲम नॉट इंग्लिश!" हे वाक्य मी इतकं ऐकलं आहे की झोपेतही बरोबर टाइप करीन.) राहायला एक खोली. तिच्यात मी, बायको झुबेदा, मुलगा सलीम, आणि पडद्यापलीकडे मला रत्नागिरीहून इथे आणणारे इब्राहिम चाचा. पाणी गाढवाच्या पाठीवरून यायचं आणि वारा मनात आलं तर यायचा.

झुबेदाला जगात एकच गोष्ट हवी होती, कंपनीचा क्वार्टर. दोन खोल्या, स्वतःचा नळ, आणि छताला पंखा! निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर आणि सलीमच्या वयाचा दाखला जोडून मी अर्ज केला होता, पण तो साहेबांच्या ड्रॉवरमध्ये सहीवाचून पडला होता. माझ्या मागून आलेल्यांना क्वार्टर मिळाले, मला नाही. संध्याकाळी मी दारात आलो की झुबेदा आधी माझा चेहरा बघायची आणि काही न विचारता चहा ठेवायला वळायची. तिनं भांडण केलं असतं तर परवडलं असतं. त्या चहाचं मला फार वाईट वाटायचं.

अशात एका गुरुवारी साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांना घराण्याचा शोध घ्यायचा नाद होता. वेल्समधली त्यांची आत्या चर्चमधून लग्नांच्या नोंदी, सरकारी कचेरीतून मृत्यूच्या नोंदी आणि दर दहा वर्षांनी होणाऱ्या खानेसुमारीतली नावं हातानं उतरवून पाठवायची. आता आत्याबाई ऐंशीच्या होणार होत्या, सगळं घराणं जमणार होतं, आणि त्या दिवशी भिंतीवर वंशावळ लावायची होती.

"अन्वर, फर्स्ट क्लास टाइप करो," साहेब म्हणाले. "आंटी खूश, तो मैं खूश."

साहेब खूश म्हणजे सही! मी ऑफिसचा छोटा टाइपरायटर काखोटीला मारून घरी आणला. शुक्रवारी नमाज झाली, जेवणं झाली आणि मी कामाला बसलो.

घराणं कोळशाच्या खाणीत काम करणारं, साधं. पणजोबा इव्हान. त्यांची पहिली बायको ॲन, तिला दोन मुलं. ॲन वारली, मग पणजोबांनी मेरीशी लग्न केलं. मेरीचा मुलगा डेव्हिड, म्हणजे साहेबांचे आजोबा. इथवर ठीक. मग मी मेरीच्या लग्नाची तारीख आणि डेव्हिडच्या जन्माची तारीख शेजारी शेजारी टाइप केली आणि थबकलो. बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. दोन्ही हातांची बोटं लागायला हवी होती, एकाच हातात भागत होतं!

"या अल्ला," मी म्हणालो.

झुबेदा भांडी टाकून आली. चाचा पडदा सारून आले. मी कुजबुजत सांगितलं. (कुजबुजायचं काय होतं? मेरीबाई काही शेजारी राहत नव्हत्या!)

"चार महिने?" झुबेदानं पदर तोंडाला लावला. "आणि हे भिंतीवर लावणार? सगळ्या सोयऱ्यांसमोर?"

"तुझ्या हातचा कागद," चाचा म्हणाले. "साहेबाची इज्जत गेली, तर तुला क्वार्टर कोण देणार?"

आमच्या घरात तारखांचं खातं चाचांकडे असे. सलीमला शाळेत घालायच्या वेळी त्यांनीच कागदपत्रं अशी काही जमवली होती की हेडमास्तरांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. चाचांनी चष्मा लावला.

"लग्न एक वर्ष आधी घे. यल्ला, चल, उरक!"

मी घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला नसती. पण झुबेदानं कागदावर बोट ठेवलं.

"अहो, पण तेव्हा पहिली बायको जिवंत आहे!"

"मग काय झालं?" चाचा म्हणाले. "दोन तर दोन. चालतं."

"त्यांच्यात नाही चालत, चाचा," मी म्हणालो.

"कुणाच्यातच नाही चालत!" झुबेदा माझ्याकडे बघत म्हणाली. मी कुठे काय म्हटलं होतं?

तेव्हा नाइलाजानं मी ॲनबाईंना दीड वर्ष आधी मारलं. देव मला क्षमा करो, बाई चांगली असणार. पण त्यामुळे तिची धाकटी मुलगी आईच्या मृत्यूनंतर जन्माला यायला लागली. मुलीला मागे ढकललं, तर ती थेट थोरल्या भावाच्या अंगावर जाऊन आदळली, दोघांत जेमतेम पाच महिन्यांचं अंतर!

"जुळी कर," चाचा म्हणाले.

केली. मग खानेसुमारीच्या कागदावर ती जुळी निरनिराळ्या वयांची निघाली. "सगळ्याच पोरांना दोन दोन वर्षं वाढव, खलास!" चाचांनी फर्मावलं. मी वाढवली. सगळ्यांबरोबर डेव्हिडलाही वाढवली. आणि डेव्हिड आता नव्या लग्नाच्याही आधी जन्मला!

आम्ही तिघं कागदाकडे बघत बसलो. दुपारभर राबून पोरगा आम्ही होता त्यापेक्षा वाईट जागी आणून ठेवला होता. झुबेदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पंखा गेला," ती म्हणाली.

"रडू नकोस, बेटी. इन्शाल्ला जमेल," चाचा म्हणाले. "अन्वर, ह्या पोराला या खानेसुमारीतून काढ आणि पुढच्या खानेसुमारीत घाल."

पुढची खानेसुमारी दहा वर्षांनी होती. पण माझी बोटं दुखत होती, अक्कल केव्हाच झोपली होती. मी डेव्हिडला दहा वर्षं उशिरा जन्माला घातलं, खाली लाल रेघ मारली आणि कागदाची घडी केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वंशावळ टेबलावर पसरली. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या.

"अन्वर, मेरा ग्रँडफादर बारा साल में शादी बनाया?"

"गरिबी, सर," मी म्हणालो.

"तेरा साल में मेरा फादर पैदा हुआ?"

मी कपाळ पुसलं. "वेल्स का हवा-पानी, सर."

"और खान में नौकरी कब शुरू किया?"

मी वाकून पाहिलं. खाणीतली नोकरी बदलायची राहूनच गेली होती! "जन्माच्या आदल्या वर्षी, सर," मी म्हणालो. आणि घाईघाईनं पुढे जोडलं, "व्हेरी हार्डवर्किंग फॅमिली, सर."

मग मात्र माझा धीर सुटला. मी सगळं सांगितलं, चार महिने, आत्याबाई, भिंत, इज्जत. नोकरीच जाणार अशी माझी खात्री झाली होती. रत्नागिरीला कोणत्या तोंडानं परत जायचं, हाच विचार डोक्यात होता. साहेब आधी लाल झाले. मग त्यांच्या खुर्चीतून कसलेसे आवाज यायला लागले. साहेब हसत होते! हसून हसून त्यांनी रुमाल काढला.

"अन्वर! ये चार महिनेवाला स्टोरी आंटी हर क्रिसमस में सुनाती है! पूरा गाव को मालूम!"

मी ओशाळून हसलो. मग साहेबांनी हसणं थांबवलं, दार लावून घेतलं आणि ड्रॉवरमधून माझा अर्ज काढला.

"तुमने मेरा इज्जत देखा," ते हळू आवाजात म्हणाले. "मैं भी तुम्हारा देख रहा था. इसलिए ये हेड ऑफिस को नहीं भेजा. शरम आता था पूछने को."

त्यांनी माझा निकाहनामा आणि सलीमचा दाखला शेजारी शेजारी ठेवला. मी बोटं पुढे केली, पण बोटांचं कामच नव्हतं. शाळेत प्रवेश मिळावा म्हणून चाचांनी सलीमचं वय दोन वर्षांनी वाढवलं होतं. आणि सलीम झाला होता लग्नानंतर वर्षानं!

"मेरा ग्रँडफादर," साहेब म्हणाले, "शादी के बाद आया. चार महिना सही, लेकिन बाद में. तुम्हारा बेटा तो पूरा एक साल पहले आ के बैठा है!"

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. झुबेदाची, माझी, सात पिढ्यांची अब्रू कंपनीच्या ड्रॉवरमध्ये इतके महिने पडून होती, आणि मी बाहेर बसून परक्याच्या पणजीची झाकत होतो! मी शाळेचा किस्सा सांगितला. साहेबांनी पुन्हा रुमाल काढला, डोळे पुसले आणि अर्जावर सही केली.

घरी आलो. झुबेदानं माझा चेहरा बघितला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "काय झालं?" मी आधी क्वार्टरचं सांगितलं, मग उरलेलं. तिचं हसू अर्ध्यावर थिजलं आणि मान सावकाश पडद्याकडे वळली.

"चाचा!"

"एवढं काय त्यात?" पडद्याआडून आवाज आला. "तुमचा निकाह दोन वर्षं आधी घेऊ."

चाचांना क्वार्टरमध्ये न्यायचं की नाही, यावर नंतर आठवडाभर अबोला होता. शेवटी नेलं. सलीमचा दाखला मात्र तसाच राहिला, तो आता बदलायचा कुणाला धीर झाला नाही. अजून दर वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सलीम नातवंडांसमोर विचारतो, "अब्बा, तुमच्या निकाहाला मला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?"

झुबेदा पंख्याकडे बघू लागते. मी म्हणतो, "चाचा. दुसरं कोण बसणार?"