सापाच्या मावशीचा उपास

भाऊसाहेब पुण्याकडच्या एका सर्पोद्यानात एकतीस वर्षं सापांना खायला घालायचे. बायको गेल्यावर मुलाने, म्हणजे सुमेधने, त्यांना आणलं कुठे, तर जिथे साप औषधालाही नाही अशा देशात. न्यूझीलंडमध्ये साप पाळायलाच बंदी. "बाबांचा एक्सपिरियन्स इथे झीरो," असं सुमेध हसत हसत सांगायचा, तेही बाबांच्या देखत. मला त्याचा भयंकर राग यायचा. आता कुठल्या तोंडाने रागवू?

मी उर्मिला. शिकायला आले आणि इथेच राहिले. हेन्डरसन नावाच्या उपनगरात पाळीव प्राण्यांच्या दुकानात काम करते. सुमेधचं ऑफिस जवळच. तो सकाळी वडिलांना लायब्ररीत सोडायचा आणि दुपारी न्यायचा. भाऊसाहेब लायब्ररीत पाच मिनिटं टेकायचे आणि सरळ आमच्याकडे यायचे, अंगात दोन स्वेटर, पायात मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. प्राण्यांशी मराठीत बोलायचे. मला बरं वाटायचं.

जूनमध्ये दुकानात निळ्या जिभेची सापसुरळी आली. आपल्याकडे जिला सापाची मावशी म्हणतात ना, तिचीच ही हातभर लांब, जाडजूड बहीण. गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. आणि बाईसाहेबांनी उपास धरला. मी अंडं दिलं, सफरचंद दिलं, डब्यातलं कुत्र्याचं खाणं चमच्याने तोंडापाशी धरलं. बारा दिवस झाले तरी शिवेना. मॅनेजरबाई म्हणाली, "ही मेली तर हा विभाग दुसऱ्याकडे देईन. खायला लागली तर तुझ्याकडे." माझा रेसिडेन्सीचा अर्ज त्या बढतीवर अडकलेला होता.

भाऊसाहेब काचेसमोर उभे राहिले. "अगं, तू तिला आग्रह करतेयस," ते म्हणाले. "लग्नाची पंगत आहे का ही? नवी जागा, चारी बाजूंनी काच, पोरं येऊन टकटक करतात. तुझ्या घशाखाली उतरेल?"

त्यांनी तीन बाजूंना वर्तमानपत्र लावायला सांगितलं. दिव्याखालच्या दगडाला मनगट टेकवून ऊब बघितली आणि दिवा वीतभर खाली घ्यायला लावला. मग पाच दिवस खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, वाकून बघायचंसुद्धा नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. सहाव्या दिवशी ते डब्यातून गोगलगायी घेऊन आले, घरच्या मेथीच्या वाफ्यातल्या, जिथे औषध मारलेलं नाही अशा. एक ठेचली, तिचा चिकटा उकडलेल्या अंड्याला चोळला, बशी आत सरकवली आणि मला ओढतच मागे नेलं.

"अजगर नवा आला आणि उंदीर खाईना, की आम्ही उंदराला कोंबडीच्या पिल्लाचा वास लावायचो," ते म्हणाले. "तिला ओळखीचं काहीतरी मिळू दे. पुढचं तिचं ती बघेल."

वीस मिनिटांनी बशी रिकामी झाली होती. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं. भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "माझं एक काम करशील? सुमेध आला की त्याला हे एकदा सांग. मी सांगितलं की त्याला बडबड वाटते. त्याला वाटतं मी भरकटत चाललोय, दुकानात शिरून लोकांना त्रास देतो. सोमवारपासून मला म्हाताऱ्यांच्या डे केअरमध्ये घालणार आहे. तू सांगितलंस तर ऐकेल."

"सांगते म्हणजे काय काका, तुमचा सत्कारच करते," मी म्हटलं.

दुपारी सुमेध आला तेव्हा मॅनेजर माझ्याजवळच उभी होती. "हिने एकटीने तिला खायला लावलं," ती त्याला कौतुकाने सांगत होती. कारण अर्ध्या तासापूर्वी मीच तिला तसं सांगितलं होतं. भाऊसाहेबांचं नंतर सांगू, असं मनात होतं.

भाऊसाहेब पुढे झाले. "विचार हिला, कोणी खायला घातलं ते," ते सुमेधला म्हणाले. सुमेध ओशाळला. मॅनेजरला कळावं म्हणून त्याने मला इंग्लिशमध्ये विचारलं, "सॉरी, बाबा म्हणतायत त्यांनी काही केलं. खरंच का?"

मला मराठीत उत्तर देता आलं असतं. मॅनेजरला एक अक्षर कळलं नसतं. पण सुमेध लगेच इंग्लिशमध्ये काही बोलला असता तर? मी इंग्लिशमध्येच म्हणाले, "नाही, ते नुसते बघत होते. आम्हाला त्यांचा काही त्रास नाही."

एवढं इंग्लिश भाऊसाहेबांना येत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मॅनेजरकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चिडावं, मला चारचौघांत खोटारडी म्हणावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

"हो रे," ते सुमेधला म्हणाले. "मी आपला बघत होतो. पोरीने फार कष्ट घेतले."

सुमेधने मॅनेजरची माफी मागितली. सोमवारपासून त्यांची दुसरीकडे सोय केली आहे, आता ते येणार नाहीत, असंही सांगितलं. मग त्याने वडिलांचा दंड धरला. दाराशी एक पायरी आहे. "बाबा, स्टेप," तो मोठ्याने म्हणाला. भाऊसाहेब हो हो म्हणाले आणि पायरी उतरले.

"किती गोड आहेत ना म्हातारबाबा," मॅनेजर म्हणाली. मी हो म्हटलं.