उपवासाच्या दिवशी चढणारी साखर

रक्ताच्या तपासणीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, “प्री-डायबिटीज.” म्हणजे साखरेची बीमारी दारात उभी आहे, आत शिरलेली नाही. मी म्हटलं, “तुमची मशीन खराब आहे.” माझ्या थोरल्या भावाचा पाय याच बीमारीनं कापावा लागला, म्हणून आवाज चढला होता. डॉक्टरांना ते काय माहीत.

मी चौथी पास. सगळी उमर पोलोग्राउंडच्या कारखान्यात खराद, म्हणजे लेथ मशीन, चालवला. पण हातात दिलेला डाएटचा छापील कागद येईल त्याला वाटायचा आहे, इतकं मलाही कळलं. ओट्स, ब्रोकोली! आमच्या सुदामा नगरात कोणाच्या घरी हे शिजतं? शेजारचे मास्तर फाटकात उभे राहून कारल्याचा रस सांगायचे. स्वतःचं पोट शर्टात मावत नाही!

मी माझा इलाज केला. पोह्यांबरोबरची जिलेबी बंद, चहातली साखर बंद. सोमवार आणि एकादशी होतीच, वर गुरुवारचाही उपवास धरला. पोटाला आराम दिला की बीमारी पळते, असं सगळ्यांना ठासून सांगत फिरलो.

मग एचबीएवनसी केली, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. वाढलेली! मुलानं धरून डायटिशियनकडे नेलं. खाण्यापिण्याचं बघते ती. माझ्या नातीएवढी पोरगी. ही मला जेवायला शिकवणार!

ती म्हणाली, “काकाजी, रोजचंच खा. बाकी हे सांगेल.” आणि दंडावर बटणाएवढा सेन्सर चिकटवला. तो दिवसभर साखर टिपत राहतो.

पुढच्या वेळी बायको बरोबर आली. पोरीनं मोबाइलवरची रेघ दाखवली. “सोमवारी, गुरुवारी काय खाता? बघा किती चढलीय.”

“काही नाही. उपवास असतो.”

“काही नाही काय!” बायको म्हणाली. “ताट भरून साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा. संध्याकाळी परत तेच. एरवी दोन पोळ्यांत उठतात.”

असा राग आला! पण खोटं कुठं बोलत होती.

पोरगी म्हणाली, “साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. पोटात गेला की साखरच होते.”

“मग हिला का नाही काही? हीपण तेच खाते.”

“काकी वाटीभर खातात. आणि त्यांचं शरीर वेगळं, तुमचं वेगळं. म्हणून तुमचं खाणं तुमची साखर मोजूनच ठरवायचं.”

खरादावर पितळेला एक चाल आणि लोखंडाला दुसरी, हे जन्मभर पाळलं. पोटाच्या बाबतीत मात्र अक्कल गहाण टाकली होती मी.

तिनं उपवास सोडायला लावला नाही. उपवासाला दही, काकडी, शेंगदाणे, थोडा राजगिरा. एरवी पोहे निम्मे, त्यात मोड आलेले मूग. आधी कोशिंबीर आणि वरण, मग पोळी. जेवल्यावर चालणं. ब्रोकोलीचं नावसुद्धा नाही.

एकादशीला मंदिरात एक दोस्त म्हणाला, “क्यों भिया, खिचडीशिवाय कसला उपवास? धरम बुडवलास!” बोलता बोलता ढेकर दिला.

“ढेकर देतोस आणि उपवास म्हणतोस? सकाळपासून भूक लागली का तुला एकदा तरी?”

पोटावरून हात फिरवत तो प्रदक्षिणेला निघाला.

परवाच्या तपासणीत साखर धोक्याच्या रेघेच्या खाली आली. डॉक्टर म्हणाले, “गोळीची गरज नाही. पण हे सोडू नका.” त्या पोरीचे उपकार आहेत. तुम्हालाही कोणी छापील कागद दिला तर परत करा आणि म्हणा, माझं मोजा.

इतक्या एकादश्या केल्या, या वेळी पहिल्यांदा खरी भूक लागली. बरी वाटली.