प्रस्थान रविवारी, मी बुधवारी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे वाचून झाल्यावर तुमचाही बसू नये अशी माझी इच्छा आहे. मी शाळामास्तर आहे. मग हे लिहितोय कशाला? राग येतो म्हणून. इतकी वर्षं झाली, अजून येतो.

म्हसळ्याहून बोर्ली पंचतनला जाताना डाव्या हाताला आमची वाडी लागते. भातशेती करणारी वीस-पंचवीस घरं. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा पहिला मी, आणि वाडीतला पहिला बी. ए.सुद्धा मीच. बाबांना सही येत नव्हती. पण पावसाळ्यात शाळा चुकू नये म्हणून चार वर्षं त्यांनी मला रोज खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला. ते उपकार मी विसरलेलो नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. एका ट्रस्टने मला शिक्षणशास्त्राच्या डिप्लोमासाठी विलायतेला पाठवायचं ठरवलं. बोट, फी, राहणं सगळं त्यांचं. अट एकच – सत्र सुरू होण्याआधी तिथे हजर पाहिजे. नाहीतर जागा गेली, आणि पुन्हा अर्ज करायचा नाही.

महिनाभर मी प्रवासाचा तक्ता आखत होतो. बुधवारी दुपारी दिघीहून आगबोट, रात्री भाऊचा धक्का. गुरुवारी बोट कंपनीच्या ऑफिसात डॉक्टरची तपासणी. शुक्रवार हाताशी राखीव. शनिवारी बॅलार्ड पियरवरून विलायतेची बोट. एक ठिकाण चुकलं तरी पुढचं गाठता यावं असा तो तक्ता होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

बाबांनी तो उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "बुधवारी अवस हाय."

"आगबोट अमावस्या बघून सुटत नाही, बाबा."

"भटजी रविवार सकाळ म्हनतो."

"मंगळवारपर्यंत मला शाळेचा चार्ज द्यायचाय."

"मग प्रस्थान ठेव. त्याला आगबोट नको नि चार्ज नको."

तरुण वाचकांसाठी सांगतो. मुहूर्तावर निघता येत नसेल, तर आपली एखादी वस्तू वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो असं धरतात. मग सवडीने निघायचं आणि जाताना ती उचलायची. मी हसलो, पण बाबांचं मन मोडवेना. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि माझी रोजची काळी टोपी एका पंच्यात बांधली. गाठ बाबांनी मारली, भाताचा भारा बांधतात तशी, ओढली की आवळत जाणारी. रविवारी सकाळी ते बोचकं मी बोर्लीला महादूकाकांच्या पडवीत ठेवून आलो. महादूकाका म्हणजे बाबांचे मावसभाऊ.

बुधवारी ट्रंक घेऊन मी त्यांच्या दारात गेलो.

"काकू, माझं बोचकं?"

काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. वर बघून म्हणाल्या, "आता काय इसरलंस रे? रविवारीच नाय का घेऊन गेलास? एवढी हाक मारली, चाय घे म्हनून. वळून पन बघितलं न्हाईस. बी. ए. झालास म्हनून?"

मला वाटलं, थट्टा. काकांनी पण तेच सांगितलं, तेव्हा संतापलो. कुणीतरी उचललं असणार आणि हे लपवताहेत! टोपीसाठी भांडायला वेळ नव्हता. तसाच दिघीला गेलो.

धक्क्यावरचा तिकीट-एजंट मला ओळखणारा. मला पाहून तो हसायलाच लागला. "काय मास्तर, अर्धे गेलात आणि अर्धे राहिलात काय? रविवारच्या बोटीवर न्यायच्या पडावात मीच तुम्हाला बसवलं ना!"

त्याने वही पुढे केली. रविवारच्या पानावर माझी सही होती. इंग्रजी, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढलेली. मुलांच्या वह्यांवर मी दिवसाला शंभर वेळा करतो तीच.

मुंबईत गुरुवारी सकाळी दहाला मी कंपनीच्या दारात उभा होतो. कारकुनाने रजिस्टर चाळलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर, तुम्ही गेलात."

"कुठे गेलो?"

"विलायतेला! सोमवारी तुमची तपासणी झाली. मंगळवारच्या जादा बोटीत जागा होती, ती तुम्हीच मागून घेतलीत. परवाच सुटली ती."

मी पासपोर्ट टेबलावर आपटला. त्याने नंबर ताडून पाहिला. रजिस्टरमध्ये तोच होता. त्याने पासपोर्टातला फोटोही न्याहाळला. मग म्हणाला, "हा तुमच्याजवळ आहे, तर त्याने काय दाखवलं?"

"ते मी तुम्हाला विचारायचं!" मी ओरडलो. "कसा होता तो?"

"तुमच्यासारखा. डोक्याला काळी टोपी होती. तुमच्यापेक्षा सभ्य बोलत होता."

ट्रस्टच्या ऑफिसात गेलो, तर ते म्हणाले, आमचा विद्यार्थी रवाना झालाय, बोटीवरून त्याची तारही आली आहे. पुन्हा आलात तर पोलीस बोलावू. शनिवारी बॅलार्ड पियरच्या फाटकाबाहेर उभं राहून मी माझी बोट सुटताना पाहिली.

घरी आलो. बाबा अंगणात दोरी वळत बसले होते.

"तू कसा काय हितं?"

"माझी जागा कुणीतरी पळवली, बाबा."

"पळवली न्हाय. तूच गेलास. मुहूर्तावर गेलास."

"मग हा समोर कोण उभाय?"

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "तू बी माजाच हायस," ते म्हणाले. "जेव."

त्या 'बी'चा राग मी कधीच गिळू शकलो नाही.

तीन आठवड्यांनी एडनहून पत्र आलं. बाबांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते वाचून दाखवायला मीच! अक्षर माझं. मुलांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं मी लांबून ओळखतो, पण इथे काही सापडेना. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. बोट लागली नाही. एवढं पाणी बघून आपला ओढा आठवला, तुमचा खांदा आठवला.'

माझा ओढा! माझ्या बापाचा खांदा!

"परत वाच," बाबा म्हणाले. तीनदा वाचलं. मग म्हणाले, "आता उत्तर लिव."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. भात कसं झालंय, गाय व्यायली. खाली माझ्या मनानं एक ओळ घातली – 'तू कोण आहेस?' पुढच्या पत्रात गाईचीसुद्धा चौकशी होती. त्या ओळीला उत्तर नव्हतं.

दोन वर्षं हे चाललं. तो पहिल्या वर्गात पास झाला. ट्रस्टचं अभिनंदनाचं पत्रही बाबांना मीच वाचून दाखवलं. एखादं पत्र उद्धट असतं, त्याने काही मागितलं असतं, तर बरं झालं असतं. तो मी असायला हवा होतो तसाच वागत होता.

मग एक पार्सल आलं. सोबत चिठ्ठी – 'निघायला उशीर होतोय, म्हणून प्रस्थान पुढे पाठवलंय. मागून येतोच.' आत बोचकं, बाबांनी मारलेली गाठ जशीच्या तशी. सोडून पाहिलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि माझी टोपी. आतली पट्टी घामाने काळी पडलेली, दोन वर्षं वापरल्यासारखी.

त्यानंतर पत्र नाही. कुणी आलंही नाही. बाबा रोज बोर्लीच्या वाटेला डोळे लावून बसायचे. भात कापणीच्या दिवसांत ते अंथरुणाला खिळले. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पेज मीच भरवत होतो. शेवटी विचारलं त्याच्याविषयीच. "पोचला का रं?"

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. मी खुंटीवरची ती टोपी काढली, डोक्यावर घातली आणि त्यांच्यासमोर वाकलो.

"पोचलो, बाबा."

त्यांनी टोपीला हात लावला आणि डोळे मिटले.

रविवारच्या आगबोटीत कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त 'तुमचंच काहीतरी पुढे गेलं' असं लिहू नका. ते बाबांनी सांगून झालंय.