समोरच्या घराला उशीर का होतो?

समोर कुणाचं घर बांधायला निघालं की रस्त्यावर तीन ढीग पडतात. रेतीचा, गिट्टीचा आणि किश्शांचा. रेती आजूबाजूचे घमेल्या-घमेल्यानं नेतात (आम्ही तुळशीच्या ओट्यासाठी दोनच घमेली नेली, तीही विचारून), गिट्टी गाड्यांखाली उडून जाते, किस्से मात्र जागचे हलत नाहीत. माझ्याकडे तर इतके साचलेत की आता वाटून टाकलेले बरे!

त्यात आमच्या मोताळ्यातलं हे घर काही साधंसुधं नव्हतं. समोरच्या गजाननभाऊंची पल्लवी इंजिनिअर, वर पीएच.डी. करते. विषय काय, तर बांधकामाला उशीर का होतो! मी म्हटलं, "पोरी, याले पीएच.डी. कायले लागते? माह्या ओट्यावर येऊन बस चार दिवस."

बापानं घर बांधायला काढलं, पोरीनं तेच अभ्यासाला घेतलं. सगळी आखणी तिच्या पद्धतीनं. दसऱ्याला पाया, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला वास्तुपूजन, आणि त्या दिवशी तिचे गाईड सर स्वतः पाहायला येणार. घर तयार दिसलं तर प्रबंध पुढे सरकणार, नाहीतर सगळं पहिल्यापासून. दोनदा मुदत वाढवून झालेली, तिसरी मिळणार नव्हती. म्हणजे उशिराच्या अभ्यासालाच उशीर झालेला!

*

पाया खोदायला घेतला आणि चौथ्या दिवशी साइटवर चिटपाखरू नाही. पल्लवी धावत आली. "काकू, लेबर कुठं गेलं?"

"सोयाबीन सोंगायले."

तिनं वहीत लिहिलं, 'अनपेक्षित कारण'. आमचा तुळशीराम मिस्त्री रोहिणखेडचा. बांधकामातला अनुभव दांडगा, आणि जीभ त्याहून. त्यानं वहीत डोकावून पाहिलं.

"ताई, सोयाबीन तं दरसाल येते. अनपेक्षित कायचं?"

"मग काय लिहू?"

"लिहा, ताईले माहीत नव्हतं."

*

मग तिनं हातानं लिहिलेले कागद झेरॉक्स करून आणले. उशिराची कारणं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं एक ते पाच आकडे. कारण अगदीच किरकोळ असेल तर एक, फार मोठं असेल तर पाच. मिस्त्री, मजूर, प्लंबर, सगळ्यांना वाटले. मलाही एक मिळाला.

कागद परत आले ते सगळे पाचच! साहित्य वेळेवर न येणे, पाच. पाऊस, पाच. भूकंप, तोही पाच!

"तुळशीरामभाऊ, मोताळ्यात भूकंप कधी झाला?"

"नाही झाला."

"मग पाच कशाला दिले?"

"तुमाले पास व्हाचं आहे ना, ताई? आमी काऊन मार्क कापाव?"

प्लंबरनं तर पाचापैकी सहा दिले होते. म्हणाला, "ताईचं अक्षर चांगलं आहे."

*

माझ्याबद्दल गल्लीत काहीबाही बोललं जातं. मी कुणाला टोकत नाही. मी फक्त कारण विचारते. "काऊन गा, आज साडेदहा?" एवढंच. यात काय वाईट आहे?

एक मजूर या विचारण्याला इतका कंटाळला की आमच्या मागच्या गल्लीतून वळसा घालून यायला लागला. मागच्या गल्लीत आमच्या मोरीचं दार आहे, भांडी मी तिथंच घासते. तिसऱ्या दिवशी बिचारा पुन्हा पुढून आला. साडेआठला!

*

पल्लवीचे मामा मेहकरला असतात. एक दिवस बसनं आले, चहा घेतला, मोबाइलवर दिशा पाहिल्या, स्वयंपाकघराचं दार हातभर सरकवायला सांगितलं आणि परतीच्या बसनं गेले. तीन तासांत चार दिवसांचं काम वाढवून!

पल्लवीनं वहीत नवा रकाना आखला आणि वर स्पष्ट अक्षरात लिहिलं, 'मामा'.

गजाननभाऊ कासावीस झाले. "अवं, तुह्या मायनं वाचलं तं! इंग्रजीत लिही."

तिनं खोडून 'स्टेकहोल्डर' लिहिलं. मामांच्या कानावर गेलं. तेव्हापासून ते मेहकरात ज्याला-त्याला सांगतात की भाचीनं पीएच.डी.त आपल्याला मोठं पद दिलंय.

*

हॉलच्या भिंतीवर पल्लवीनं भलामोठा तक्ता चिकटवला होता. कोणतं काम कोणत्या दिवशी, लाल-हिरव्या रेघा, बाण, सगळं. अख्खा आठवडा त्यावर घालवलेला. मजूर त्याच्यासमोर उभे राहून डबा खायचे, कारण तिथं सावली होती.

एकदा ती कॉलेजच्या कामाला बुलडाण्याला गेली. परत येऊन पाहते तर हॉलची भिंत गुळगुळीत!

"तुळशीरामभाऊ! माझा तक्ता?"

"आत आहे. पक्का आहे, आता कुठी जात नाही."

"अहो, पण असं का केलं?"

"त्याच्यावरच लिहेल होतं ना, आज हॉलचं प्लास्टर!"

पूर्ण तक्त्यातलं ठरल्या दिवशी झालेलं तेवढं एकच काम.

*

आखाजी आठ दिवसांवर आली. स्वयंपाकघरात फरशी नाही, न्हाणीला दार नाही, रंग अर्धा. फरशीवाला लग्नसराईत अडकलेला, रंगवाला फोन उचलायला तयार नाही. पल्लवी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि एकदम रडायलाच लागली. "काकू, पाच वर्षं गेली माझी. सर म्हणाले, या वेळी नाही झालं तर विषय सोड."

आता या पोरीला मी कडेवर खेळवलंय. मी उठले. खुर्ची उचलली आणि त्यांच्या अंगणात, दारासमोर नेऊन ठेवली.

आठ दिवस मी तिथंच. पापड तिथंच लाटले, गहू तिथंच निवडले, आमच्या यांना जेवायलाही तिथंच बोलावलं. हे म्हणाले, "आपलं नाव या घरावर लागते का काय?" फरशीवाल्याच्या सासूबाई माझ्या माहेरच्या गावच्या, त्यांना एक फोन लावला. रंगवाल्याच्या दारासमोरून संध्याकाळी फिरायला जायला लागले. भांडले नाही. आवाज चढवला नाही. नुसतं विचारत राहिले.

आखाजीच्या सकाळी गुरुजी मांडणी करत होते तेव्हा न्हाणीचा शेवटचा नळ बसला. तुळशीरामनं हात धुतले आणि म्हणाला, "काकू, आता तरी खुर्ची उचला."

गाईड सर बाराला आले. मोठा माणूस, या विषयावर परदेशात भाषणं देऊन आलेला. एकेक खोली फिरले, नळ सोडून पाहिले, दारं लावून पाहिली, फरशीवर पाय आपटून पाहिला. पल्लवी वही छातीशी धरून त्यांच्या मागं-मागं.

"वेळेत झालं!" सर म्हणाले. मग तुळशीरामकडे वळले. "मिस्त्री, खरं सांगा. हे कसं जमवलं?"

तुळशीरामनं टोपी काढली. "सर, ताईच्या वहीतलं मले समजत नाही. खोटं कायले बोलू? पण या समोरच्या काकू विचारतात."

"काय विचारतात?"

"काऊन."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं आणि पल्लवीला म्हणाले, "पुढच्या महिन्यात प्रबंध घेऊन ये." पोरीनं आधी सरांना नमस्कार केला, मग बापाला, मग मला, आणि घाईघाईत प्लंबरलासुद्धा!

पंगत बसली. सर आपलं ताट घेऊन थेट माझ्या शेजारी आले. आमरसाची वाटी सरकवत विचारलं, घरी कोण कोण असतं, मुलं कुठं असतात, त्यांच्या बुलडाण्याची थंड हवा मला मानवेल का. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी मागंपुढं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, आमच्या घराचं बांधकाम सहा वर्षांपासून चालू आहे. समोरच एक खोली रिकामी आहे. ओटा चांगला मोठा आहे."