टेबल खाली येतं का?

आयोवातल्या त्या गावात आरोग्य विमा बदलायचे दिवस आले, की ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मर्ल हॉस्टेटरचा दरबार भरे. मर्ल स्वतः चाकांच्या खुर्चीत, त्यामुळे गावातल्या अपंगांना वाटे, याला आपलं कळतं. मर्ललाही तसंच वाटे, किंचित जास्तच. कुठल्या योजनेत कुठलं औषध, कुठे चष्मा फुकट, कुठे कवळी, हे तो कुणी न विचारताही सांगे.

मुदतीच्या आदल्या दिवशी ट्वायला ब्रँट आपली खुर्ची चालवत आली. गेल्या हिवाळ्यात बसून बसून तिच्या माकडहाडाशी जखम झाली होती. डॉक्टरने खुर्चीतच तपासलं, जखम दिसली नाही, आणि ती हाडापर्यंत गेली. नव्या वर्षी तरी कुणीतरी तिथे डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं.

मर्लने सरकारी गुणांकनात सगळ्यांत जास्त तारे मिळालेली योजना पुढे केली. "ट्वायलाबाई, हिच्यात व्यायामशाळासुद्धा फुकट आहे."

"तिथे जाऊन काय करू, लोकांचे कोट सांभाळू? यातल्या डॉक्टरचं तपासायचं टेबल खाली येतं का, ते सांग."

हे मर्लने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

"तुझा डॉक्टर तुला टेबलावर कसा घेतो?" ट्वायलाने विचारलं.

"मला उठायचा त्रासच देत नाही. फार सभ्य माणूस आहे."

"माझाही सभ्यच होता," ट्वायला म्हणाली.

मर्लला आता उमगलं. म्हणजे गावाला शहाणपण शिकवणारे आपण इतकी वर्षं कपड्यांवरूनच निरोगी ठरत आलो. आणि त्याला मान समजत आलो.

तो फोन लावत सुटला. पहिला दवाखाना म्हणाला, टेबल खाली येतं, पण त्यावर सध्या खोकी ठेवलीत. दुसरा म्हणाला, आमचे डॉक्टर खुर्चीतच छान तपासतात. शेवटी शेजारच्या गावात एक टेबल सापडलं, खुर्चीच्या उंचीपर्यंत येणारं. तिथले डॉक्टर एकाच योजनेत होते. तिला तारे कमी, फुकटचं काही नाही. पण ट्वायलाची औषधं तिच्यात बसत होती.

"हीच," ट्वायला म्हणाली. "जानेवारीतली वेळ घे."

मर्लने वेळ घेतली. मग घसा खाकरून आपलंही नाव सांगितलं, योजना हीच घेणार म्हणाला.

"याआधी तुम्हाला आडवं करून कधी तपासलं होतं?" पलीकडून बाईने विचारलं.

मर्लने ट्वायलाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस? मी नव्हते तिथे."