शाईने काढलेला सूर

वलगावच्या जत्रेत आलेल्या तंबू-सिनेमाचा ऑपरेटर कुजबुजतच बोलायचा. एकेकाळी भजनात गाणाऱ्या त्या माणसाचा आवाज घशाच्या आजारात गेला होता. एका दुपारी त्याने मला मशीनजवळ बसवलं. सिनेमाच्या फितीच्या काठावर आवाज नागमोडी रेघ होऊन छापलेला असतो. त्याने कोऱ्या काठावर शाईने एकच टोकदार लाट पुन्हापुन्हा काढली आणि फितीची टोकं जोडून ती फिरवली, तेव्हा भोंग्यातून कर्कश सूर निघाला. मग दुसऱ्या फितीवर त्याने लाटा गोलसर काढल्या. सुराची पट्टी तीच राहिली, आवाज मात्र मऊ झाला.

"हे काहून करता?" मी विचारलं.

"गळा गेला मास्तर, सूर थोडाच गेला?" तो कुजबुजला.

तेवढ्यात कापूस वेचून घरी चाललेल्या एका बाईने कनात सारली. "कोन गाऊन राहिलं जी?"

त्याने लाजत हात वर केला.